काळ्या कागदातली नळी

कांबळे मॅडम रक्ताची नळी हातात घेतल्यावर ती कुणाची, हे आधी कधीच विचारायच्या नाहीत. ट्यूबलाइटसमोर उभी धरायच्या, डोळे बारीक करायच्या आणि आणणाऱ्याकडे वळायच्या. "कशी आणलीस रं?" नाव, वय, डॉक्टर, ते सगळं नंतर.

राजारामपुरीतल्या त्या लॅबसाठी मी दवाखान्यांतून नळ्या गोळा करत फिरतो. पहिल्या दिवशी मी म्हटलं, "गाडीवरून आणली जी."

"गाडीवरनं सगळेच आणत्यात की. उभी का आडवी? बर्फाला चिकटून का मधी कापड हुतं? गगनबावड्याच्या घाटात आदळलीस का? नळी आदळली की आतल्या पेशी फुटत्यात, पोटॅशियम वाढून दिसतंय. मग डॉक्टर धडधाकट माणसाला औषध देत बसतोय. कळलं का, पावणं?"

मी गोंदियाकडचा. नववीत शाळा सोडली आणि महाराष्ट्राच्या एका टोकाहून दुसऱ्या टोकाला कामासाठी आलो. 'पावणं' हे नाव मला त्या दिवशी चिकटलं ते कायमचं. मॅडम गडमुडशिंगीच्या. बायोकेमिस्ट्रीत एमएस्सी, लॅबच्या प्रमुख, पण बोलणं शेताच्या बांधावरचं. "मी आलो, मी गेलो" म्हणायच्या. इकडे बायका स्वतःबद्दल असंच पुरुषांसारखं बोलतात हे मला ठाऊक नव्हतं, त्यामुळे पहिले काही दिवस मला वाटायचं, त्या कुणा पुरुषाचंच बोलणं सांगताहेत.

एक्स-रे फिल्मच्या जुन्या पाकिटांतला काळा कागद त्यांनी साठवून ठेवला होता. काविळीच्या तपासणीची, म्हणजे बिलिरुबिनची नळी त्यात गुंडाळूनच आणायची आणि कागद परत द्यायचा, असा त्यांचा दंडक. का, ते मी कधी विचारलं नाही. कमी शिकलेल्या माणसाला विचारायची भीती असते. विचारलं की आपल्याला काय येत नाही ते उघडं पडतं.

माझी मुलगी इथेच झाली, रंकाळ्याजवळच्या एका लहान प्रसूतिगृहात. जवळचं कुणी नव्हतं. आई गावाहून अजून पोचायची होती. तिसऱ्या दिवशी पोर पिवळी पडली, चौथ्या दिवशी तिच्या डोळ्यांतलं पांढरंही पिवळं झालं. दूध ओढेना. बायको म्हणाली, "काही करा ना जी. हे पोरगी रडूनसुद्धा नाही राहिली." डॉक्टरांनी सांगितलं, "बिलिरुबिन बघू. कमी असलं तर घरी न्या. वाढलं असलं तर दिव्याखाली ठेवावं लागेल. फार वाढलं तर मेंदूला धोका असतो."

टाचेला टोचून काढलेल्या रक्ताची ती इवलीशी नळी मीच घेतली. रोज कितीतरी नळ्या मी पेटीत ठेवतो, पण ही ठेववेना. झाकण उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. शेवटी गाडीच्या हँडलवर मोबाइलसाठी पारदर्शक पाऊच असतो, त्यात ती ठेवली. डोळ्यांसमोर राहावी म्हणून. काळ्या कागदात गुंडाळली असती तर दिसली नसती. एप्रिलचं ऊन होतं. वाटेत दोन दवाखान्यांचे नमुने घ्यायचे होते, तेही घेतले, कारण काम सुटायची भीती होतीच. दोन्ही ठिकाणी गाडी उन्हात उभी राहिली.

मशीनवर आकडा आला तेरा. टेक्निशियन मुलगी म्हणाली, "दादा, घाबरू नका. घरी न्याल बाळाला." रिपोर्ट सहीसाठी मॅडमसमोर गेला. त्यांनी पेन उचललं आणि थांबल्या.

"कशी आणलीस रं?"

"पेटीतून," मी म्हटलं.

"मग कागद दे."

मी शर्टाचा खिसा चाचपला, पँटचे दोन्ही चाचपले. नसलेला कागद मी त्यांच्यासमोर शोधत राहिलो. शेवटी माझेच हात थांबले आणि मी पाऊचचं सगळं सांगितलं.

मॅडमनी रिपोर्टवर आडवी रेघ मारली. "उजेडानं बिलिरुबिन मोडतंय. हा आकडा उन्हाचा हाय, पोरीचा न्हाय."

मी हात जोडले. "मॅडम, सही करा ना. मशीननंच तेरा सांगितलंय. कमी असला तर घरी सोडतो म्हणालेत डॉक्टर." मला काय मागतोय ते कळत होतं आणि तरी मी मागत होतो. तो आकडा हातातून जाऊ नये, एवढंच डोक्यात होतं.

"मशीनला काय ठावं तू कुटनं फिरून आलास? ऊठ. गाडी काढ. मी येतो."

पेटी मांडीवर घेऊन त्या माझ्यामागे बसल्या. पोरीचं रक्त पुन्हा काढलं. काळा कागद त्यांनी स्वतः गुंडाळला. परत येईपर्यंत त्या मला एकदाही रागावल्या नाहीत, आणि तेच मला जड गेलं.

मशीन चालू झालं. मी दारात उभा. मॅडम स्टुलावर बसून, कुणी विचारलेलं नसताना सांगायला लागल्या.

"दोनशे वरसांमागं मोठमोठ्या लोकांना वाटायचं, अंगातलं रसायन अंगातच हुतंय, त्याला जिवाची कायतरी जादू लागती. मग जर्मनीत एकानं युरिया केला. लघवीतला युरिया, साध्या भांड्यात. मूत्रपिंड न्हाय, जनावर न्हाय. पुढं आनखी एकानं यीस्ट वाळू घालून घोटलं, पिळून रस काढला. एक पेशी जित्ती ऱ्हायली न्हाय. त्या रसात साखर घातली तर ती फसफसलीच. तितनं आमचा इषय उभा ऱ्हायला. जिवाच्या आत काय चाललंय ते बाहेर काढून मोजता येतंय. मोजता आलं की वेळेत धावता येतंय."

"हे मला आत्ता कशाला सांगता, मॅडम?"

"तू मशीनकडंच बघत ऱ्हायलाईस म्हणून. बस खाली."

आकडा आला बावीस.

मॅडमनी आधी डॉक्टरांना फोन लावला. तासाभरात माझी पोर डोळ्यांवर पट्टी बांधून निळ्या दिव्यांखाली होती. रक्त बदलावं लागेल की काय, हे दुसऱ्या दिवसापर्यंत कुणी सांगेना. संध्याकाळी मॅडम काचेपाशी माझ्याशेजारी येऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "ज्या उजेडानं नळीतलं मोडलं, त्योच आता तिच्या अंगातलं मोडणार. लई वरसांमागं इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात नळी अशीच उन्हात ऱ्हायली, आन् आकडा खाली आला. त्यातनंच या दिव्याची वाट सापडली. ही चूक करणारा तू पयला न्हाईस, पावणं. फकस्त त्यांनी ती लपवली न्हाय."

रक्त बदलावं लागलं नाही. पोर आता दुसरीत आहे, आणि मला शाळेतल्या गोष्टी सांगून कंटाळा आणते.

गेल्या वर्षी मॅडमचे डोळे पिवळे झाले. त्यांनीच आरशात पाहिलं आणि त्यांनीच ओळखलं. स्वादुपिंडात गाठ होती. दर आठवड्याला रक्त तपासायचं, ते हॉस्पिटलातून लॅबपर्यंत मी आणायचो. प्रत्येक वेळी आकडा वाढलेला.

एका दिवशी त्यांनी सिस्टरांना विचारलं, "कमी येईल का वं या बारीला?" इतकी वर्षं आकडे सांगणाऱ्या बाईचा तो आवाज मला सहन झाला नाही. खाली आलो. अंगणात ऊन होतं. नळी काढली आणि हातात धरून उभा राहिलो. इथे तासभर थांबलो तर आकडा खाली येईल. एक आठवडा तरी त्या नीट झोपतील. नळीवर ऊन पडलेलं मला दिसत होतं. मग खिशातून काळा कागद काढला, गुंडाळली आणि पेटीत ठेवली.

दुसऱ्या दिवशी रिपोर्ट घेऊन गेलो. त्यांनी तो घडी न उघडता उशीपाशी ठेवला.

"कशी आणलीस रं?"

"मिनिटभर उन्हात धरली होती, मॅडम. मग गुंडाळली."

का धरली, ते त्यांनी विचारलं नाही. "मिनिटानं काय हुत न्हाय," म्हणाल्या. मग तळहात पुढे केला. मी कागद दिला. त्यांनी तो चादरीवर पसरला, अंगठ्यानं एकेक सुरकुती सपाट केली, नीट चौघडी घातली आणि माझ्या हातात ठेवला.

"मग आकडा खरा हाय. कागद जपून ठेव, पावणं. कुणाच्या तरी पोराला लागंल."