लाल भोपळ्याची बोली

जुन्नरच्या आमच्या चर्चमध्ये सुगीच्या सणाला ज्याच्या शेतात जे पिकलं ते वेदीपुढे येतं आणि उपासनेनंतर त्याचा लिलाव होतो. दान वाढावं म्हणून जिंकलेली वस्तू परत देऊन तिच्यावर पुन्हा बोली लावायची आमच्याकडे रीत आहे. ते दान कोणत्या घराला जायचं, हे पंचमंडळी आधीच ठरवतात.

यंदा माझ्या शेजारी एक अनोळखी गृहस्थ बसले होते. मांडीवर कानटोपी, तिची घडी सारखी मोडायची आणि पुन्हा घालायची. लाल भोपळा निघाला तसे ते हट्टानं बोली वाढवत गेले. जिंकल्यावर म्हणाले, "परत लावा." पुन्हा जिंकले, पुन्हा तेच! टाळ्यांचा नुसता कडकडाट. कुणी मोठा बागायतदार असणार, असं मी धरूनच चालले.

मग पाळकसाहेबांनी जाहीर केलं, "मढच्या बाजूला ज्यांचं घर जळालं, त्या कुटुंबाला यंदाचं दान. घरधनी इथं आलेत." आणि माझ्या शेजारचे गृहस्थ उभे राहिले.

ते खाली बसल्यावर मी कशीबशी म्हणाले, "अहो, दान तुम्हालाच होतं, मग बोली कशाला लावलीत?"

"चर्चात यायचं आन नुसतं बघत बसायचं, बरं दिसतं का ताई?"

"मग भोपळा तरी ठेवायचात!"

कानटोपीची घडी घालत ते म्हणाले, "लई गोड आसंल तो. पण शिजवायचा कुठं? चूल न्हाई ना."