लिंबापासून गोठ्यापर्यंतची तार

माझी मोठी जाऊ काल दुपारी गेली.

साठ वर्षं तिनं माझं डोकं खाल्लं.

खाली कुणी आरआयपी लिहू नका. तिला ते कळलं नसतं, आणि कळलं असतं तर त्यातही तिनं चूक काढली असती.

वरणात मीठ जास्त झालं, तर मी. गाय आटली, तरी मीच. पण तिच्या सगळ्या कटकटींची आई म्हणजे टिप्या. तिचा कुत्रा.

तिचं माहेर पुसदकडचं. लग्न लागून बैलगाडीनं ढाणकीजवळच्या आमच्या गावी निघाली, तर हा मागं मागं धावत आला. हाकलला, खडे मारले, तरी आला. पुढं तिचे आईबाप लवकरच गेले, भाऊ नव्हता. माहेरचं म्हणून या जगात तिला एवढा एक कुत्राच उरला.

एकोणीसशे साठच्या सुमारास मी या घरात नवरी म्हणून आले, तेव्हा टिप्या अंगणाचा मालक होता आणि गावाला ताप. सकाळी गुरं चरायला निघाली की हा भिंतीवरून उडी मारून त्यांच्यात घुसायचा. एक दिवस कुणाच्या तरी कालवडीचा पाय फोडला.

पाटील दारात आले. आमच्या सासऱ्यांना, मामाजींना म्हणाले, "आता हा मोकळा दिसला तं भाकरीत औषध घालतो. मंग मले बोल लावू नका."

औषध म्हणजे विष. गावात तशी कुत्री मेलेली आम्ही पाहिली होती.

जाऊ आत कणीक मळत होती. तिचे हात थांबले ते थांबलेच. भाकरी-पोळ्या मग मीच केल्या, हेही नमूद करते.

आता घर शेतकऱ्याचं. जनावर कुठलंही असो, आमच्याकडं इलाज बैलाचाच.

मामाजींनी टिप्याच्या गळ्यात लोढणं अडकवलं. पळपुट्या ढोराच्या गळ्यात लाकडाचा ओंडका बांधतात ना, तेच. ढोर त्यानं थांबतं. पण ढोर भिंतीवरून उडी मारत नाही!

टिप्यानं मारली. लोढणं भिंतीच्या अलीकडं अडकलं आणि तो पलीकडं गळ्यानं लटकला. जाऊ विळा घेऊन धावली आणि दोर कापला. कुत्रं कितीतरी वेळ खोकत होतं आणि ही त्याच्याजवळ मातीत बसून मामाजींना ऐकू जाईल असं रडत होती.

मग भासऱ्यांनी, म्हणजे तिच्या नवऱ्यानं, बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. टिप्या खालून माती उकरून बाहेर. काटे मात्र माझ्या पायात.

मग गोठ्यात खुंट्याला साखळदंड. सकाळी तिथं सावली असते, दुपारी ऊन. पाण्याची परळ उलटी, जीभ बाहेर, आणि मामाजी म्हणतात, "बांधला ना? आता कायची कटकट?"

तेव्हा डोक्यावरचा पदर न ढळू देता ही त्यांच्याशी पहिल्यांदा बोलली. "बैल बांधता तं त्याच्यापुढं पानी ठेवता ना, मामाजी? मंग याले काहून नाही? बांधाचंच असन तं सावली, पानी अन् मानूस, तिनीपरेंत दोर पोचला पाहिजे. भिंतीपरेंत नाही पोचला पाहिजे."

मी पटकन चुलीकडं वळले.

दुसऱ्या दिवशी मामाजी शेतात गेल्यावर तिनं मला कामाला जुंपलं. जुन्या मोटेच्या चामड्याचा रुंद पट्टा शिवला, गळ्याला फास बसू नये म्हणून. अंगणातल्या लिंबापासून गोठ्याच्या खांबापर्यंत दोरी ताणली, तिच्यात लोखंडी कडी ओवली, आणि कडीला बांधलेल्या दोराचं दुसरं टोक स्वतःच्या कमरेला गुंडाळलं.

"बाई, हे काय करून राह्यल्या तुमी?"

"मोजून राह्यली. भिंतीजवळ गेली तं सांग."

लिंबाखाली गेली. पाण्याच्या परळीपाशी वाकली. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत आली. भिंतीकडं निघाली की मी ओरडायची, मग ती दोर आखूड करायची.

नेमके मामाजी परत आले. डोक्यावर पदर, कमरेला दोर, अशी थोरली सून अंगणात फिरते आहे.

ते खाकरले आणि आल्या पावली फिरले. मी म्हटलं, संपलं. आता दोघींची माहेरी रवानगी. हिला तर माहेरही नाही.

संध्याकाळी मामाजी तारेचं भेंडोळं आणि शिडी घेऊन आले. दोरी सोडून तिथं तार त्यांनी स्वतः ओढली.

टिप्या त्या तारेखाली पळत, लोळत, भुंकत जगला. म्हातारा होऊन लिंबाखाली गेला. तार तशीच राहिली. आम्ही तिच्यावर कपडे वाळत घालतो.

आता मागच्या वर्षाचं सांगते, कारण माझा राग अजून गेलेला नाही.

जाऊ अंगणात पडली. तिच्या मुलानं, प्रकाशनं, तिला मागच्या खोलीत ठेवलं. खिडकी उंच, पाणी फळीवर, दाराला बाहेरून कडी.

"काकू, सेफ्टीसाठी आहे."

"गळ्यात लोढणं तेवढं राह्यलं, बाबू," मी म्हटलं. "सावली, पानी अन् मानूस. यातलं काय पोचते तिच्यापरेंत?"

त्यानं दाराची कडी काढली. पोरगा वाईट नाही. पलंग आम्ही दोघांनी ओसरीवर आणला, तारेसमोर. माझी खुर्ची शेजारी.

मला वाटलं, आता तरी दोन शब्द गोड बोलेल.

"पान्याचा गडवा डावीकडं ठेव," ती म्हणाली. "मी डावखुरी आहो, साठ वर्षांत नाही समजलं तुले?"

काल गेली ती तिथंच. मी शेजारी होते.

पलंग होता तिथं आता दिवा लावलाय. रिवाजाप्रमाणं पाणीही ठेवलंय. प्रकाशनं गडवा दिव्याच्या उजवीकडं ठेवला होता.

मी उचलून डावीकडं ठेवला.

या बाई आता. खूप छळलं तुम्ही मला. ओसरी फार मोठी वाटते आहे.