महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दिवस

माझ्या सासूबाई गेल्या त्या दिवशी आमच्या घरी महालक्ष्म्यांचं जेवण होतं. विदर्भातल्या कुठल्याही बाईला हे सांगितलं की ती आधी तोंडावर पदर धरते. सणाच्या दिवशी घरातलं माणूस गेलं, की तो सण त्या घरातून उठतो. पुढे कधी त्याच दिवशी घरात मूल जन्मलं, तरच पुन्हा सुरू करता येतो. म्हणजे आमच्या घरातून एकाच दुपारी दोन्ही गेलं, आई आणि त्यांचा सण.

मी त्यांना आईच म्हणायची. त्यांच्या माहेरचा सण असाच उठलेला. त्यांची आजी जेवणाच्या दिवशी गेली आणि मुखवटे फडक्यात बांधून माळ्यावर टाकले, ते कायमचे. "सण गेला का लेकीबाळीचं येणंबी जाते," त्या सांगायच्या. म्हणून लग्न होऊन रायपूरला आल्यापासून, रेल्वेच्या क्वार्टरपासून ते समता कॉलनीतल्या घरापर्यंत, त्यांनी महालक्ष्म्या एकही वर्ष चुकवल्या नाहीत. पुरण मिक्सरमधून काढलं म्हणून एकदा माझ्याशी अबोला धरला होता. तशा त्या काही देवमाणूस वगैरे नव्हत्या. हट्टी होत्या.

राज्य नवीन झालं, आमचं गाव राजधानी झालं आणि नागपूर-गोंदियाकडचं अर्धं गणगोत आमच्याकडे उतरू लागलं. कुणाला नोकरी हवी, कुणाला ठेका, कुणाला नुसतं बघायचं. मी करवादायची. आई म्हणायच्या, "राजधानी झाली तं लोकं येतीनच ना वो. तू तांदूळ धू." महालक्ष्म्यांच्या जेवणाला तर सगळा पारा, म्हणजे अख्खी आळी, यायचा. शेजारणींनी पहिल्या वर्षी आंबील तोंड वाकडं करून प्यायली आणि पुढच्या वर्षी डबा घेऊन आल्या.

मग त्यांचं पोटाचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी घरी न्या म्हटलं, तेव्हा भाद्रपद लागायला आला होता. आईंनी कुणाला काही विचारलं नाही. फक्त रोज सकाळी तिथी विचारायच्या. दुखण्यावर गोळी होती, ती घेतली की गुंगी यायची, म्हणून गोळी घेईनात. "झोपली तं तशीच चालली जाईन मी. पाठवणी होऊ दे, मंग घेतो." त्यांना मरणाची भीती नव्हती. आपल्यामुळे सण मोडेल याची होती. उशीचा कोपरा दातात धरून पडून राहायच्या आणि आम्ही बाहेर मुखवटे पुसत होतो. मला त्या मुखवट्यांचाच राग यायला लागला होता.

महालक्ष्म्या बसल्या, तोवर आईंचा दिवसांचा हिशेब सुटला होता; तिथी विचारायच्या आणि लगेच विसरायच्या. दुसऱ्या दिवशी जेवण, पाठवणी त्याच्या पुढच्या दिवशी. जेवणाच्या सकाळी मी पुरण घाटत होते, सोळा भाज्या चिरून पडल्या होत्या आणि आतून आईंचं कण्हणं येत होतं. आमचे हे उठून आत गेले. ह्या माणसाला फोनवर 'घरी नाहीत' एवढंसुद्धा खोटं सांगता येत नाही. स्वयंपाकघरातून मला सगळं ऐकू येत होतं.

"आई, झालं सगळं. काल जेवणं झाली, आत्ता पाठवणी केली."

"आत्ता? मंग पुरणाचा वास काहून येऊन राहिला?"

मी पुरणावर झाकण टाकलं.

"कालचं उरलं होतं. ते गरम करून राहिली ती."

"कोणी उपाशी तं नाही गेलं?"

"नाही आई. सगळे जेवले."

"मंग दे बाप्पा ती गोळी."

"मम्मी, पूजा तो अभी हुई ही नहीं," माझी मुलगी कुजबुजली. मी पुरणाच्या हातानंच तिचं तोंड दाबलं.

गोळी घेऊन आई झोपल्या. कपाळावरची आठी कितीतरी दिवसांनी गेली होती. दुपारी नैवेद्याची पानं वाढत असताना ह्यांनी आतून मला हाक मारली. त्या झोपेतच गेल्या होत्या. आम्हाला सुतक, म्हणून शेजारच्या भाभींनी महालक्ष्म्या हलवल्या. भरली पानं तशीच राहिली.

भेटायला आलेल्या बायका काय काय बोलून गेल्या! "एकच दिवस थांबायले पाहिजे होतं." "एवढी जपणारी बाई, अन् तिच्याच पायी मोडला सण." हे मान खाली घालून ऐकत बसायचे. मी रागानं म्हटलं, "सांगा ना त्यांना."

"काय सांगू?" ते म्हणाले. आईला खोटं सांगून झोपवलं, हे?

दहाव्याला महादेवघाटावर बायकांनी जायचं नसतं, मी गेले. सगळ्यांनी धरूनच चाललं होतं की कावळा शिवणार नाही. सण मोडून गेलेली बाई, जीव त्यातच अडकला असणार. गुरुजींनी दर्भाचा कावळासुद्धा करून ठेवला होता. चुलत सासरे हात जोडून, आता काय कबूल करावं, याचा विचार करत होते. पिंड ठेवून हे मागे सरले, तेवढ्यात झाडावरून कावळा उतरला आणि सरळ भातावर बसला.

"तृप्त गेली वो," चुलत सासरे डोळे पुसत म्हणाले. "काहीच राहिलं नव्हतं तिचं."

तेव्हा हे मटकन पायरीवर बसले. इतक्या दिवसांत डोळ्यांतून टिपूस न काढलेला माणूस लहान मुलासारखा हुंदके द्यायला लागला. लोक समजूत काढू लागले, की अरे, चांगलं झालं, आता कशाला रडतोस. मी जवळ जाऊन बसले. त्यांनी माझा हात घट्ट धरला.

"आईनं माझं खरं मानलं," ते म्हणाले.