टॉवेल-टोपीचे तीन तास

आमच्या लग्नाच्या व्हिडिओत तीन तास नुसतं टॉवेल-टोपीचं आहे. पाहुण्याचं नाव पुकारायचं, डोक्यावर टोपी, हातात टॉवेल, चला पुढचा. घरी येणारा प्रत्येकजण "आमचं लावा की" म्हणतो, म्हणून बायको त्यातलं एक डोकंही काढू देत नाही. दुसरी कॉपी कुठंच नाही.

आमच्या कॉम्प्युटरच्या डिस्कचे दोन भाग आहेत. एकात मशीन चालवणारं लिनक्स, दुसऱ्यात हा व्हिडिओ. लिनक्सचा भाग सारखा भरायचा आणि मशीन रुसायचं. गंगाखेडला मी कॉम्प्युटर शिकवतो. घरी असली फजिती मला खपत नाही. म्हणून स्क्रिप्ट लिहिली: जागा कमी पडली की व्हिडिओच्या भागाची कड थोडी कापायची आणि लिनक्सला द्यायची. आपोआप.

माझे वडील, आबा, खुर्ची ओढून शेजारी बसले. "काय करायलास?"

"एका रानाचे दोन तुकडे हायत. मधला धुरा सरकवायलोय. लागंल तसा, रोज."

"रोज?" ते ताठ झाले. "आमी वर्षाला वीतभर सरकवला तर कोर्ट बघावं लागलं."

शेजारचं रान माझ्या चुलत्याचं. त्या धुऱ्यापायी, मधल्या बांधापायी, दोघा भावांचं बोलणं बंद आहे, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक.

"त्या पट्टीत कडबा पडलाय का?" आबांनी विचारलं.

"हाय थोडा, इकडंतिकडं."

"मंग आधी कडबा आत वढ. धुरा मागून."

मला रागच आला. "आबा, हे कॉम्प्युटर हाय, रान न्हाई," असं म्हणून मी एंटर दाबलं.

स्क्रिप्ट अर्ध्यात अडकली आणि व्हिडिओचा भाग उघडेना. मी खरंच आधी हद्द कापली होती आणि आतला माल मागाहून आवरणार होतो. तेवढ्यात बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "माझे मामा यायलेत दुपारी. त्यांचं टॉवेल-टोपी काढून ठेवा."

"शेजाऱ्यानं तिथं पेरलं का?" आबा.

"न्हाई, लिनक्सनं अजून तिथं काहीच लिहिलं न्हाई."

"मंग धुरा गुमान जागेवर ने."

जुनी मापं नशिबानं लिहून ठेवली होती. हद्द होती तिथं नेली आणि व्हिडिओ उघडला. मग स्क्रिप्टमधल्या दोन ओळींची अदलाबदल केली, आबांकडे न बघता. पुन्हा चालवली. जागा झाली, आणि मला लय लाज वाटली.

दुपारी मामा आले. बायकोनं सगळे तीन तास लावले. मामांच्या नंतर चुलत्याचं नाव पुकारलं गेलं. आबा त्यांना टोपी घालताना दिसले: हा मंडपाकडे बघतोय, तो आचाऱ्याकडे, आणि टोपी चुलत्याच्या कानावर.

आबा माझ्याकडे वाकले आणि हळूच म्हणाले, "एवढंच काढलं तर किती जागा हुईल?"