गळ्याचा संत

२००५च्या सुरुवातीला नवऱ्याच्या घशाचं रेडिएशन संपलं आणि त्याचं गिळणं बंद होत गेलं. सोमवारच्या तपासणीत पाणीही उतरलं नाही तर पोटात नळी घालणार होते. औषधांच्या वेळा, इन्शुरन्सचे फोन, त्याची रजा, सगळं मी मार्गी लावलं होतं. गिळणं तेवढं माझ्या हातात नव्हतं.

अमेरिकेत, कॅरीत आमच्या शेजारी वसईच्या ख्रिस्ती काकू मुलाकडे आल्या होत्या. त्यांच्याकडे दातांची संत वेगळी, डोळ्यांची वेगळी, आमच्या स्पेशालिस्टांसारखंच. गळ्याचा संत म्हणजे फार जुन्या काळचा, आर्मेनियातला बिशप. शिपाई त्याला पकडून नेत असताना एका आईने घशात माशाचा काटा अडकलेलं पोर त्याच्यापुढे आणलं. त्याने ते वाचवलं.

"आणि त्याचं स्वतःचं?"

"लोकर विंचरायच्या लोखंडी फण्यांनी सोलला, मग मान उडवली," काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या. "संतांचं असंच असतं गं."

त्याच आठवड्यात त्याचा सण होता. त्या दिवशी चर्चमध्ये मिस्सा, म्हणजे मुख्य प्रार्थना, झाल्यावर पाद्री दोन मेणबत्त्यांची फुली प्रत्येकाच्या गळ्याला लावून आशीर्वाद देतात. येतोस का, म्हणून मी नवऱ्याला विचारलं.

"मी मासे खात नाही," तो घोगऱ्या आवाजात म्हणाला. "त्याला सांग, वरणाची केस आहे."

त्याला उठवेनाच. मी त्याचा मफलर घेऊन काकूंबरोबर गेले. अंगारा दुसऱ्याने आणला तरी आपल्याकडे लागू पडतो. मला वाटलं, इथेही चालेल. रांगेत माझी पाळी आली तेव्हा मी मफलर पुढे धरला. पाद्र्यांनी तो हलकेच बाजूला केला आणि मी इंग्रजी जुळवेपर्यंत मेणबत्त्या माझ्या गळ्याला लावून, पुटपुटून मोकळेही झाले. माझा गळा ठणठणीत होता. मागे रांग होती. मी पुढे सरकले.

घरी येऊन त्याला खरं ते सांगितलं. तो हसला, त्याला ठसका लागला. मफलर गुंडाळून मी चमच्याने पाणी दिलं. ते नाकातून परत आलं.

सोमवारी नळी बसली.

तो गिळेनासा झाल्यापासून मी स्वयंपाकघरात उभ्यानेच, दार लोटून जेवत होते. घरी आणल्यावर त्याने मला खुणेने जवळ बोलावलं.

"ताट इथे आण. माझ्यासमोर जेव. तुझ्या गळ्याला आशीर्वाद आहे ना, तो तरी वाया घालवू नकोस."

मी वरणभात कालवला आणि त्याच्यासमोर बसले. तो माझ्या तोंडाकडे बघत होता. पहिला घास बराच वेळ तोंडातच फिरत राहिला.