अरविंदची संध्याकाळ, माझी सकाळ

अरविंद गेल्याचं वहिनींनी फोनवर सांगितलं तेव्हा मी "बरं" म्हणालो. नुसतं बरं... आता सहा आठवडे झाले, तरी त्या शब्दाची मला लाज वाटत नाही, आणि तेच खुपतं.

आम्ही दोघं देवासच्या कारखान्यात एकाच दिवशी लागलो. गिअर भट्टीत तापवून तेलात बुडवायचे, कडक करायचे, हे आमचं काम. तो बोलका, इंग्रजीत सफाईदार. मी लोखंडाच्या रंगावरून तापमान ओळखणारा. नव्वदचं दशक संपता संपता कंपनीनं त्याला मेक्सिकोतल्या नव्या कारखान्यात दोन वर्षांसाठी सल्लागार म्हणून पाठवलं. इंदूरच्या विमानतळावर मिठी मारून म्हणाला, "सदू, तिकडे माझी अक्कल म्हणजे तूच."

झालंही तसंच. रोज सकाळी सहाला फोन यायचा. तिकडे आदल्या दिवसाची संध्याकाळ. "तुझा उद्या सुरू झाला भिया, माझा आज अजून संपेना," म्हणून हसायचा आणि मग प्रश्न सुरू. दाते का वाकतात, तेल किती गरम ठेवू, तडे कुठून जातात... मी दिवसभर आमच्या भट्टीवर करून बघायचो आणि संध्याकाळी फॅक्स करायचो, तेव्हा त्याची सकाळ उजाडत असे. मुलीच्या साखरपुड्यालासुद्धा पाहुणे यायच्या आत फॅक्स पाठवून आलो. हाताला कळलेलं, कुठेही न लिहिलेलं सगळं मी त्याला लिहून दिलं, आणि मला त्याचा केवढा अभिमान!

तो परतला त्याच महिन्यात आमच्या विभागाला टाळं लागलं. नोटीस वाचून माझ्या शेजारी काम करणारा रामचंदर म्हणाला, "भिया, अपनी भट्टी तो उधर चली गई." मी त्याच्याशी भांडलो. अरविंदला माहीत असतं तर त्यानं सांगितलं असतं, असं ठणकावलं.

पुढे अरविंद धारला वडिलांच्या घरी राहायला गेला. काही वर्षांनी मला बोलावून मांडूला घेऊन गेला. कणीस खाता खाता एकदम म्हणाला, "मला जायच्या आधीपासून माहीत होतं, सदू."

"आणि रोज सकाळी...?"

"रोज वाटायचं, आज सांगू. पण सांगितलं असतं तर तू लिहून दिलं असतंस?"

मी मिळेल त्या बसनं एकटा देवासला आलो. त्यानंतर त्याचा एकही फोन घेतला नाही.

तेराव्याला मात्र धारला गेलो. वहिनींनी त्याच्या खोलीत बसवलं आणि कपाटातून एक वही काढून दिली. मेक्सिकोतली. माझ्याशी बोलण्याआधी तो टाचण करत असे: तेल, तापमान, तडे. विचारून झालं की पुढे बरोबरची खूण. प्रत्येक पानाच्या तळाशी एकच ओळ होती, 'सदूला विभागाचं सांगणे'. तिच्यापुढे एकाही पानावर खूण नव्हती.

"तुमच्याकडे ठेवा, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

मांडूला तो "रोज वाटायचं" म्हणाला ते मला खोटं वाटलं होतं, वेळ मारून नेण्यासाठी म्हटलेलं. ते खरं निघालं, आणि खरं निघालं म्हणून जास्त लागलं. माणूस रोज आठवणीनं गप्प बसला होता...

मी वही मिटून त्याच्या टेबलावर ठेवली.

"राहू दे वहिनी. त्याची आहे."