गाण्याची वाटणी

भावाभावांत गाण्याची वाटणी झालेली तुम्ही कधी पाहिली आहे का? वायरमामांनी ती स्वतःच्या हातांनी केली. तीस वर्षं ते घरोघरी स्पीकर जोडत आलेले. लाल टोकाला लाल वायर, काळ्याला काळी, याहून मोठा न्याय त्यांना ठाऊक नव्हता.

दोन भावांनी घराच्या मधोमध भिंत घातली. अ‍ॅम्प्लिफायर थोरल्याकडे राहिला, स्पीकर एकेकाला एकेक. मामांनी भिंतीला भोक पाडून धाकट्याची वायर ओढून दिली.

थोरला लावायचा ते रेकॉर्डिंग जुनं. गाणारीचा आवाज एका स्पीकरमध्ये, तबला दुसऱ्यात. धाकटा तणतणत आला, "मामा, गाणारी दादाकडे आणि मला नुसती बडवाबडवी?"

मामांनी वायरींची अदलाबदल केली. ते जेवायला बसतात तोच थोरला दारात हजर! "गाणारी माझ्या हिश्शाची होती. कुणाला विचारून पलीकडे धाडलीत?"

महिनाभर हेच. मामांना एक घास गरम मिळेना. शेवटी भडकून त्यांनी दोन्ही स्पीकर उचलले आणि सामाईक अंगणात शेजारी-शेजारी मांडले. भाऊ एकमेकांकडे पाठ करून बसले, पण गाणं अख्खं ऐकलं.

तेव्हा बाबांनो, भिंती खुशाल घाला. स्पीकर तेवढे एका जागी ठेवा, आणि आमच्या मामांना सुखानं जेवू द्या.